हापूस, जांभा आणि गाडीची सीट

रत्नागिरीत मार्चपासून मे अखेरपर्यंत गाडीची मागची सीट माणसांच्या मालकीची नसते. तिच्यावर आंब्याच्या पेट्या असतात. एक पुण्याच्या मावशीला पोचवायची, एक कोल्हापूरच्या डॉक्टरांना द्यायची, आणि उरलेल्या फटीत पेंढ्यासकट कोंबलेली दोन डझनांची पिशवी. पेटीच्या कडेनं चीक गळतो, एखादं फळ दबून रस पाझरतो. पेट्या उतरतात न उतरतात तोच पाऊस लागतो आणि चपलांबरोबर जांभ्याची तांबडी माती आत येते. मग गणपती. चाकरमानी, गुलाल, कुंकू, समईचं तेल, मोदकांवरचं तूप. मिरकरवाडा बंदरावरून आणलेल्या मासळीच्या पिशवीला तर जून-जुलैची मासेमारी बंदी सोडली तर हंगामच नाही.

हे सगळं अंगावर घेतलेली सीट वॉशिंग सेंटरवर जाते आणि तिथला मुलगा त्या सगळ्यावर एकच फेस मारतो. काही डाग जातात, काही फिके होतात, काही आठवड्याभरानं होते तिथंच परत येतात. गाडीवाला म्हणतो, शाम्पू हलका होता. शाम्पूचा दोष असेलही. पण या गोष्टीचा मागोवा घेत गेलं की दिसतं, कोकणातले डाग सगळे जुने आहेत आणि त्यांचे उतारेही जुने आहेत. नवी आहे ती कापडाची जागा. डाग पडलेलं कापड पाण्यावर नेता येत नाही, अशी वेळ आपल्याकडे फार उशिरा आली.

आधी डागांकडे बघू. कोकणानं डाग नुसते सोसले नाहीत, त्यांचा धंदा केला. चिपळूण-सावर्ड्याच्या पट्ट्यात आजही खैराचा कात तयार होतो. विड्यातला हा कात सदऱ्यावर पडला की काय होतं ते घरोघरी ठाऊक आहे, पण खलाश्याला आणि कोळ्याला तोच डाग हवा असायचा. कातातलं टॅनिन धाग्यात बसलं की सुती जाळं समुद्राच्या पाण्यात लवकर कुजत नाही. आपल्याकडे जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून घेत, तेही याचसाठी. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या मासेमारी होड्यांची शिडं चित्रांत तांबूस-तपकिरी दिसतात ती बरीचशी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातून जाणाऱ्या कातामुळे. (त्या ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरीत कैदेत होता आणि इथंच १९१६ मध्ये वारला. इंग्रजांनी तिकडून कात नेला आणि राजा इकडे आणून ठेवला.)

दुसरा डाग बिब्ब्याचा. परटाकडे दहा घरचे कपडे यायचे, सगळे पांढरे, सगळे सारखे. ओळखायचे कसे? बिब्ब्यात सुई टोचून तिच्या टोकानं कपड्याच्या कडेला खूण करायची आणि वर चुना लावायचा. ही काळी खूण भट्टीतून गेली, दगडावर आपटली, उन्हात महिनोन् महिने वाळली तरी कापड फाटेपर्यंत टिकायची. डाग काढणं हा ज्याचा पेशा, त्यानंच न निघणारा डाग आपल्या हिशेबाच्या वहीसारखा वापरला. पुढं बेवारस मृतदेहाची ओळख पटवायला पोलीस कपड्यावरची धोब्याची खूण शोधू लागले, ती हीच.

बिब्बा, काजू आणि आंबा ही तिन्ही झाडं वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच कुळातली. तिघांच्याही चिकात फिनॉल जातीची तेलकट द्रव्यं असतात. अंगावर उडाली तर भाजतात आणि हवेत सुकली की काळीकुट्ट होऊन घट्ट बसतात. काजूच्या टरफलाचं तेल होडीच्या लाकडाला लावतात ते त्याच्या या गुणासाठी. जपान्यांची प्रसिद्ध चकचकीत लॅकरची भांडी ज्या झाडाच्या चिकानं होतात, तेही याच कुळातलं आहे. म्हणजे आंब्याच्या देठाचा चीक सीटवर सांडतो तेव्हा नकळत वार्निशाचा पातळ हात मारून होतो. ओला असेपर्यंत तो डाग असतो, सुकल्यावर तो लेप होतो. बागायतदाराला हे चांगलं कळतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या नूतन झेल्याला पातं बसवलेलं असतं ते आंबा देठासकट उतरावा म्हणून. देठ मोडला की चीक फळावर ओघळतो, सालीवर काळा चट्टा पडतो आणि भाव उतरतो. फळाची एवढी काळजी घेणारा माणूस पेटी सीटवर ठेवताना खाली साधं गोणपाट घालत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता उतारे. फणस फोडायला बसलेल्या बाईला कुणी रसायनशास्त्र शिकवलेलं नसतं, पण ती आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोपडते. चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. चिकाच्या डागावर पहिलं पाणी आणि साबण लावणाऱ्यानं हरलेली बाजी मांडली असं समजावं. तिथं आधी खोबरेलाचा थेंब, तो मुरला की फडक्यानं टिपणं, आणि मग तेल काढण्यापुरता साबण. डांबर आणि ग्रीस काढायला पुढं रॉकेल आलं, तत्त्व तेच.

आंब्याच्या रसाचं निराळं. त्याचा पिवळा रंग गाजरातल्या रंगाच्या जातीचा. तो तेलात विरघळतो आणि उन्हात विटतो. म्हणून आमरसाचे डाग पडलेली झबली आई धुऊन थेट उन्हात टाकते आणि दोन उन्हांत ती पांढरी होतात. हळदीचंही काहीसं असंच, फक्त हळद आधी घाबरवते. पिवळ्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. हात लावायला नको होता असं वाटतं. पण हळदीतला रंग क्षार लागला की लाल होतो, क्षार धुऊन निघाला की परत पिवळा होतो आणि ऊन लागलं की उडून जातो. देवघरातलं अस्सल कुंकू याच गुणावर झालेलं आहे, हळदीवर क्षाराचा संस्कार करून. त्यामुळे जुन्या कुंकवाचा डाग लिंबानं पिवळा करून उन्हात घालवता येत असे. आता पुडीत मिळणारं कुंकू बहुधा कृत्रिम रंगाचं असतं. ते हा नियम पाळत नाही आणि गुलालही पाळत नाही. गणपतीनंतरच्या सीटा सगळ्यांत त्रास देतात त्या यामुळेच. कोरडा गुलाल झटकून किंवा ओढून काढायचा सोडून लोक घाईघाईनं ओलं फडकं फिरवतात आणि भुकटीचा रंग करतात.

कोकमाचा रंग तर हळदीच्या उलट चालतो. आगळ आंबट असतं तोवर लाल-गुलाबी. साबणाच्या क्षारानं तो निळसर, मग राखाडी-हिरवट होतो आणि तसाच बसतो. म्हणून सोलकढी सांडली तर साबण लांब ठेवायचा, गार पाणी आणि थोडा लिंबाचा रस. बोंडूच्या रसाला मात्र दयामाया नाही. काजूच्या बोंडूत टॅनिन ठासून भरलेलं असतं, डाग सुरुवातीला दिसतही नाही, धुतल्यावर तपकिरी होऊन वर येतो. त्याला लोखंड लागलं तर आणखी काळा. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई करत, ती हीच क्रिया. बोंडूचा रस पडलेल्या जागी कुणी तारेच्या घासणीनं घासत असेल तर तो डाग काढत नाही, शाई बनवतो.

आणि जांभा. रत्नागिरीची ही माती तांबडी आहे ती लोखंडाच्या गंजामुळे. ती पाण्यात विरघळत नाही, तिचे कण अतिशय बारीक असतात आणि ओल्या कापडात ते धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतात. ओली असताना पुसली की पसरते. जुनी माणसं चिखल वाळू देत, मग चोळून झाडत आणि त्यानंतर पाणी दाखवत. पावसाळ्यात इथं ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा वाळू देणं म्हणजे चुलीच्या वर दांडीवर टाकणं. तरी उरलाच तांबूस डाग, तर परसातलं बिंबल मदतीला यायचं. खोडालाच लगडणारं हे हिरवं आंबट फळ उभं चिरून गंजाच्या डागावर चोळलं की त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल लोखंडाला धरून घेतं आणि पाण्याबरोबर बाहेर काढतं. बिंबल नसेल तर लिंबू आणि मीठ. शहरातल्या दुकानात गंज काढायची जी पांढरी भुकटी मिळते, तिच्यात पुष्कळदा हेच आम्ल असतं.

मासळीच्या वासाची गंमत अशी की त्याचा उतारा रोज आपल्या ताटात असतो. मासे शिळे होऊ लागले की तयार होणारी वासाची द्रव्यं क्षारधर्मी असतात. आमसूल घातलं की आम्लाशी त्यांची जोडी जमते आणि ती हवेत उडेनाशी होतात. कालवणात आमसूल पडतं ते चवीपुरतं नसतं. सीटवर बांगड्याचं पाणी सांडलं तर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर हेच काम करतं. आगळ ओतू नये, हे सांगायची गरज नसावी.

ही सगळी विद्या घरातल्या बायकांकडे आणि परटाकडे होती. परीट हा बारा बलुतेदारांतला एक. डाग ओळखणं हा त्याचा खरा हुन्नर होता, आपटणं त्याच्या नंतरचं. सुती कपडा सज्जीखारात किंवा धुण्याच्या सोड्यात भिजवून भट्टीला लावायचा, म्हणजे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पिळ्यांची चवड रचून रात्रभर वाफ द्यायची. सकाळी दगडावर आपटून, वाहत्या पाण्यात काढून, गवतावर पसरायचा. रेशमी सोवळ्याला आणि शेल्याला ही वागणूक चालत नसे, त्यांना रिठ्याचं पाणी. रिठ्याचा फेस सौम्य. तो मळ सुटा करतो आणि रेशमाला धक्का लावत नाही. शेवटी खळ आणि नीळ. दुसऱ्यांचा मळ काढण्याचं काम एका जातीवर जन्मानं लादलं आणि त्याबद्दल सुगीला चार पायल्या धान्य दिलं, ही व्यवस्था गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर ‘हा डाग कशाचा?’ असं विचारायची रीतही गेली. १९५९ मध्ये आपल्याकडे सर्फ आलं, १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केलं, आणि सगळ्या डागांना एक पावडर हा नवा धर्म घरोघरी पोचला. सुती कपड्यांवर, भरपूर पाण्यात तो चाललाही.

गाडीच्या सीटवर तो अडतो, कारण तिथं भरपूर पाणी नाही. आणि हे प्रकरण आपल्याला नवीन आहे.

आपली बसायची जुनी साधनं आठवून पाहा. बैलगाडीत पेंढा आणि वर घोंगडी. पेंढा घाण झाला की उपसून टाकायचा, घोंगडी झटकायची. तिच्या काळ्या रंगावर तसंही काही दिसत नसे. बैठकीत गादी, तिच्यावर पांढरी चादर, लोड-तक्क्यांना अभ्रे. पानसुपारीच्या बैठकी झडायच्या तिथं कात सांडणारच, म्हणून जे कापड माणसाच्या अंगाला लागतं ते काढता आलं पाहिजे हा नियम. मेण्यातली गादीही खोळीची. आतला कापूस वर्षा-दोन वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा आणि खोळ परटाकडे जायची. बसायच्या वस्तूला कापड कायमचं ठोकून टाकावं, ही कल्पनाच इथली नाही.

ती युरोपातल्या घोडागाडीतून आली. स्प्रिंगा, त्यांवर घोड्याचे केस, वर कापड किंवा चामडं ताणून बारीक खिळ्यांनी बसवलेलं. मोटार आली तेव्हा घोडा गेला आणि बैठक तशीच राहिली. सुरुवातीच्या बड्या मोटारींत एक बारकावा असे. पुढं उघड्यावर, पावसापाण्यात बसणाऱ्या चालकाला चामड्याची सीट आणि मागं बंद भागात बसणाऱ्या मालकाला उंची लोकरी कापडाची. आज चामड्याची सीट म्हणजे श्रीमंती मानतात. त्या काळी चामडं हे पुसता येण्याजोगं, म्हणजे नोकराचं होतं, आणि कापड मिरवता यायचं ते ज्याच्यावर चिखल उडत नसे त्याला.

आपल्या हवेनं हा हिशेब लवकरच निकालात काढला. इंग्लंडात मँचेस्टरजवळ सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन नकली चामडं बनवत, त्याचं व्यापारी नाव रेक्झिन. पुढं थर पीव्हीसीचा झाला, नाव आपल्याकडे तेच राहिलं. १ जून १९४८ ला राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर धावली. त्यानंतर कोकणातल्या घाटवळणांवर एसटीतून प्रवास केलेल्या कुणालाही रेक्झिन का हवं, हे समजावून सांगायला नको. कशेडी घाट उतरताना शेजारच्या पोराचं जे व्हायचं ते झालं, की कंडक्टर म्हणणार, माती टाका आणि फडकं मारा. अँबेसिडर, फियाट, पुढं वडापाच्या ट्रॅक्स आणि सुमो, सगळीकडे रेक्झिन. आत स्प्रिंगांवर काथ्या, म्हणजे आपल्याच नारळाचा. रत्नागिरीकडे पाहिलं तर या वंशावळीतली एक कडी इथंही सापडते. पावसच्या रस्त्यावर रनपार-गोळपच्या बाजूला १९९० च्या दशकापासून पीव्हीसी रेझिनचा मोठा कारखाना आहे. त्याचा माल मुख्यतः पाइपांत जातो, पण सीटच्या रेक्झिनवर जो थर असतो तो त्याच रसायनाचा.

रेक्झिनचा तोटा एकच, मे महिन्यात त्याच्यावर बसवत नाही. पाठ चिकटते. म्हणून त्यावर टॉवेल आला. साहेबाच्या गाडीतला पांढरा टर्किश टॉवेल अधिकाराची खूण समजली जाते, पण मला तो बैठकीवरच्या चादरीचाच वारस वाटतो. ठोकलेल्या कापडावर काढता येणारं कापड घालून आपण आपला जुना नियम पुन्हा लागू केला. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक दोन-दोन वर्षं न काढणाऱ्यांना हसतात लोक. त्यांचा वेंधळेपणा मान्य केला, तरी त्यामागची बुद्धी पिढीजात आहे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या काळात मध्यमवर्गाच्या गाडीत कापडी सीट रुळली. हे कापड लोकरीचं नव्हतं आणि सुतीही नव्हतं. पॉलिएस्टरचा हा धागा १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याच्याखालचा फोम पॉलियुरेथेनचा, ज्याचं रसायन जर्मनीत ऑटो बायरनं १९३७ मध्ये बसवलं. काथ्या गेला, फोम आला, आणि डागाचं सगळं शास्त्र फिरलं.

सुताला पाणी आवडतं, पॉलिएस्टरला तेल. त्यामुळे चहा, सोलकढी, कोकम सरबत सीटवर पडलं तर लगेच टिपलं की बरंचसं निघतं. धागा ते आत घेतच नाही. पण भजीचं तेल, डोक्याचं खोबरेल, मोदकाचं तूप हे त्या धाग्याला धरून बसतं, आणि मग त्या तेलाला धूळ. पुढच्या सीटच्या डोकं टेकायच्या जागी जो काळपट गोल दिसतो तो धुळीचा वाटतो, मूळ खोबरेलाचं असतं. त्यावर पाणी मारून काही होत नाही.

दुसरी अडचण फोमची. वरच्या कापडानं न घेतलेलं पाणी धाग्यांच्या फटींतून खाली उतरतं आणि फोम ते पिऊन बसतो. वर घासून घासून सीट स्वच्छ दिसते. मग वरचं कापड वाळू लागतं, तसं फोममधलं पाणी वर चढतं आणि येताना खाली गेलेला रंग, साखर, साबण सगळं घेऊन येतं. ते कडेला जमतं आणि डागाच्या जागी डागाहून मोठं कडं उमटतं. ‘डाग परत आला’ म्हणतात तो हा. तो कुठं गेलेलाच नसतो. पावडरीचा साबण वापरला असेल तर उरलेला साबण चिकट राहतो आणि पुढचा मळ स्वतः गोळा करतो. रत्नागिरीच्या दमट हवेत ओला फोम दोन दिवसांत कुबट वास मारतो आणि चौथ्या दिवशी शिवणीत बुरशीचे काळे ठिपके दिसतात.

म्हणून इथं धुण्याची रीत उलटी करावी लागते. परीट कापड पाण्याकडे नेत असे. सीटला पाणी थोडंथोडं आणायचं आणि आणलेलं सगळं परत न्यायचं. यातलं ‘परत न्यायचं’ हेच अवघड, आणि त्याची सुरुवात एका सीटवरूनच झाली. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा अभियंता एक यंत्र पाहायला गेला. ते हवेचा झोत मारून धूळ उडवायचं. बूथनं विचारलं, उडवण्याऐवजी ओढत का नाही? ते होणार नाही, असं उत्तर मिळालं. काही दिवसांनी एका उपाहारगृहात बसला असताना त्यानं मखमली सीटच्या पाठीला तोंड लावून जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव घाबरा झाला, पण मुद्दा पटला. त्याच वर्षी त्यानं पेटंट घेतलं. पहिलं यंत्र इतकं मोठं होतं की घोडागाडीवरून रस्त्यात आणून उभं करत आणि खिडकीतून नळ्या आत सोडत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानंच साफ केले. आपल्याकडे हे यंत्र मध्यमवर्गाच्या दारात आलं ते १९८२ नंतर, युरेका फोर्ब्सच्या टाय लावलेल्या विक्रेत्यांबरोबर. गादीवर फिरवून आतली धूळ पांढऱ्या फडक्यावर काढून दाखवत ते, आणि घरातली बाई ओशाळून जात असे.

पाण्याशिवाय धुण्याची दुसरी वाट पॅरिसची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉली-बेलँ या पेढीनं टर्पेंटाइनसारख्या द्रावकांत कपडे धुण्याचा व्यवसाय मांडला. दिव्यातलं तेल टेबलावरच्या कापडावर सांडलं आणि तेवढाच भाग स्वच्छ झाला, अशी कथा सांगतात. कोकणातल्या फणस फोडणाऱ्या बाईला तिचं नवल वाटलं नसतं. आपल्या गावांतल्या लाँड्रीच्या पाट्यांवर ‘पेट्रोल वॉश’ लिहिलेलं असायचं ते याच घराण्यातलं. गाडीच्या सीटला हा मार्ग मानवत नाही. द्रावक फोमला आणि त्याच्या चिकटवणाला खातो, वास महिनाभर जात नाही, आणि बंद गाडीत ज्वालाग्राही वाफा कोंडून ठेवणं हा निव्वळ वेडेपणा. वॉशिंग सेंटरच्या फलकावर ‘इंटिरिअर ड्रायक्लीन’ असतं, पण तिथं द्रावकाचा थेंब नसतो. सगळा ओला कारभार.

तो जवळून बघण्यासारखा असतो. मारुती मंदिराच्या पुढं एका शेडमध्ये मी उभा राहून पाहिलं. मुलगा विशीतला. बादलीत शाम्पू हातानं घुसळून त्यानं फक्त फेस उचलला, खालच्या पाण्याला ब्रश लावला नाही. फेस सीटवर ठेवून मऊ ब्रश गोल गोल फिरवला, कडेकडून मध्याकडे. पांढरा फेस बघता बघता पिठल्याच्या रंगाचा झाला. मग पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमचं चपटं तोंड दाबून वरून खाली एकेक पट्टा ओढत गेला. पारदर्शक नळीतून तांबडं पाणी धावलं, अगदी पहिल्या पावसातल्या पऱ्ह्याच्या रंगाचं. त्यानं साधं पाणी हलकं फवारून पुन्हा ओढलं, आणि मग परत एकदा. दुसरी खेप कशाला, विचारलं तर म्हणाला, “साबण आत र्‍हायला तर आठ दिसात गिर्‍हाईक परत. फुकट करूक लागता.” फोम, केशाकर्षण, चिकट साबण हे सगळं त्याला धंद्यानं शिकवलं होतं. फक्त डाग कशाचा आहे हे त्यानं विचारलं नाही, आणि मालकानंही सांगितलं नाही. दाराकडच्या बाजूला एक काळसर डाग तसाच राहिला. त्याची कड चकाकत होती. चीकच असणार.

खोळीचा जुना उपायही आता पूर्वीइतका बिनघोर राहिलेला नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते. कव्हर जाड रेक्झिनचं आणि त्या बाजूला घट्ट शिवलेलं असेल तर ती वेळेवर फुटून बाहेर येईल याची खात्री नाही. कव्हर घ्यायचं तर एअरबॅगसाठी शिवण सोडलेलंच घ्यावं. सीटखाली तारा आणि सेन्सर असतात, म्हणून नळी लावून सीट धुणं हाही पराक्रम करू नये. माझ्या मते रत्नागिरीत सगळ्यांत शहाणा मार्ग अजून जुनाच आहे. आंब्याच्या दिवसांत मागच्या सीटवर जाड चादर, पावसात पायाखाली गोणपाट, मासळीला झाकणाचा डबा, आणि डाग पडलाच तर चोळण्याऐवजी टिपणं. साफसफाईला गाडी द्यायची तर पावसाची उघडीप बघून सकाळी द्यावी, म्हणजे दुपारभर दारं उघडी टाकून फोम वाळेल.

आणि गाडी देताना ‘सीट जरा बघा’ असं मोघम सांगू नका. काय सांडलं, कधी सांडलं आणि त्याच्यावर घरी आधी काय काय चोळून झालं, हे तिन्ही सांगा. तिसरं सांगायची लाज वाटते, पण त्या मुलाला सगळ्यांत उपयोग त्याचाच होतो.